कुरकुर सोडल्याची साक्ष

आमच्या अहमदपूरच्या मंडळीतले नव्वद लोक एका रविवारी भर दुपारी तहानेने व्याकूळ झाले, त्याला माझी आध्यात्मिक प्रगती कारणीभूत होती.

मंडळी म्हणजे चर्चची. आम्ही ख्रिस्ती. मी शमुवेल, एका शाळेत हेडक्लार्क. (शाळेचं नाव सांगत नाही. शाळेची तशी इच्छा आहे.) गावात मला हेडक्लार्क म्हणून फार लोक ओळखत नाहीत, तक्रारखोर म्हणून सगळे ओळखतात. लग्नात जिलबी चिवट निघाली तर मी स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या वडिलांना सांगून येतो. मयतीला गेलो तर खड्डा तिरपा खणलाय हे सगळ्यांत आधी मला दिसतं, आणि दिसलं की मी बोलतो. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, तर दारात त्यांच्याशी हात मिळवताना मी फक्त 'अकरा' म्हणतो. म्हणजे अकरा मिनिटं जास्त झाली. ते 'देव तुम्हाला आशीर्वाद देवो' म्हणतात आणि हात जरा लवकर सोडतात.

तर यंदा लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस आले. या दिवसांत मंडळीतला प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी गोड सोडतं, एका वडीलधाऱ्यांनी तंबाखू सोडली होती आणि दोन दिवसांनी ती पुन्हा धरली होती.

"मी चहा सोडतो," मी घरी जाहीर केलं.

"चहा नका सोडू," माझी बायको सुलभा म्हणाली. "चहा नसला की तुम्ही जास्त कुरकुर करता. सोडायचीच तर कुरकुर सोडा की एकदाची!"

ती हे गमतीत म्हणाली. पण पलीकडच्या खोलीत खाटेवर माय पडलेली होती. माय म्हणजे माझी आई. तिने ते ऐकलं आणि तिथूनच खणखणीत आवाजात प्रार्थना केली, "प्रभू, येवढं करच!" आता प्रत्यक्ष आईने देवाच्या कानावर घातल्यावर मुलाने माघार कशी घ्यायची?

मी उभं राहून मंडळीपुढे साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांदेखत सांगायचं. माझ्या बाबतीत देवाने अजून काही केलं नव्हतं, मी आगाऊ साक्ष दिली. "आजपासून कुरकुर बंद! जे होईल त्याला धन्यवाद!" पाळकसाहेबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चाळीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सुलभाने सलग चार दिवस दोडका केला, मी धन्यवाद म्हणालो. न्हाव्याने माझ्या मिशीची एक बाजू अर्धी उडवली, मी धन्यवाद म्हणालो. तो इतका घाबरला की त्याने पैसे घेतले नाहीत. माय मात्र खाटेवरून बघून म्हणायची, "धन्यवाद म्हनतोस, पर तोंड एरंडेल पिल्यावानी करून राहिलास!"

आता मायचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. मायच्या हातात आयुष्यभर वाढपाची पळी. मंडळीत लग्न असो, नामकरण असो, नाताळ असो, पहिला घास माय वाढायची. मग तिचा गुडघा गेला. लातूरला नेऊन ऑपरेशन केलं, ते चांगलं झालं, पण पुढचे पाच महिने माय खाटेला खिळली. एक दिवस मी तिचं ताट घेऊन गेलो, तर तिने ते हातात घेतलंच नाही. "आता मला वाढत जा बाबा," म्हणाली, "माझं वाढनं सरलं." आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मायला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा. दारामागे जाऊन मीही डोळे पुसले.

त्यानंतर तिनेच जिद्द धरली. "चर्चच्या तीन पायऱ्या माज्या पायानं चढले, की उपकारस्तुतीचं जेवन घालीन. अन् दर मानसाच्या पानात पयला घास मीच वाढीन. हुबं राहून!" (उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार.) मग रोज सकाळी काठी टेकत अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. आधी कडुनिंबापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग शेजारच्या बापूरावांच्या गोठ्यापर्यंत.

ईस्टर आला. माझे चाळीस दिवस संपले. मी मोकळा झालो होतो हो! पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "चाळीस दिवसच का? जन्मभर!"

सुलभाने कपाळाला हात लावला. आणि मायने जाहीर केलं, "पुढच्या ऐतवारी जेवन."

जेवण म्हणजे कोंबडीची बिर्याणी, आणि बिर्याणी म्हणजे रहीमचाचा. गावातल्या निम्म्या कार्यांची देग, म्हणजे बिर्याणीचा मोठा हंडा, त्यांच्या हातची असते. अडचण एकच होती, रमजान चालू होता.

"चाचा, ईदनंतर ठेवू का?" मी विचारलं.

"कामून?" माय आतून ओरडली. "पुढचा ऐतवार मला कुनी लिहून दिलाय का?"

चाचा हसले. "माय, रोजा माझा हाय, भूक तुमची हाय. करतो मी. फक्त एक काम करा. रोजात मला तोंडात काय घालता येत न्हाई. मीठ चाखायला पक्क्या जिभेचा माणूस द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांचा चेहरा तर उजळलाच. "मंग काळजीच मिटली! ह्यांनी पास केलं तर हैदराबादचा नवाब पण खोट काढू शकत न्हाई!"

तो रविवार उजाडला तोच तापलेला. सकाळी सातला पाण्याचा टँकर आला, कारण आमच्याकडे एप्रिलमध्ये नळ ही फक्त शोभेची वस्तू असते. ड्रायव्हरने पाइप टाकीत सोडला आणि तो फोनवर बोलत उभा राहिला. पाइपने टाकीतून उडी मारली आणि निम्मं पाणी नालीतून वाहत गेलं.

"काका, थोडं सांडलं बगा," तो म्हणाला.

जुना मी असतो तर त्या माणसाने धंदा बदलला असता. नवा मी हसलो. "सांडल्याबद्दल धन्यवाद!" त्याला ती धमकी वाटली असावी. उरलेलं पाणी न भरताच त्याने गाडी हाणली.

मग मंडपवाला. आमच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात मोठा कडुनिंब आहे, बाकी सगळं ऊन. या माणसाने मंडप बांधला तो कडुनिंबाखाली! सावलीला सावली!

"झाडाला दोरी बांधायला बरं पडतंय," त्याने कारण सांगितलं.

"फार छान. झाडालाही ऊन लागायला नको. धन्यवाद!"

"अहो, सांगा की त्याला!" सुलभा दातओठ खात म्हणाली. "निम्मी माणसं उन्हात बसतील!"

"मी सोडलंय," मी शांतपणे म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेबद्दलही मी मनातल्या मनात धन्यवाद दिले. ती स्वतः त्याला सांगायला निघाली होती, पण मायला तयार करायची वेळ झाली होती.

दहाला आम्ही चर्चला पोचलो. तीन पायऱ्या. सगळी मंडळी बाहेर येऊन उभी. मी हात पुढे केला, मायने तो झटकला. पहिली पायरी चढली, थांबली. दुसरी चढली. तिसरीवर तिने काठी टेकली, पाय उचलला आणि आत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांचे डोळे भरले होते, माझेही.

(इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!)

पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो धन्यवादावर, आणि उदाहरण दिलं माझं. "आपल्या शमुवेलभाऊंकडे पाहा! ह्या माणसाच्या तोंडून आता तक्रार निघत नाही!" मी मान खाली घातली. नम्रतेने नव्हे, हसू दिसू नये म्हणून.

त्या फुगलेल्या छातीने मी घरी आलो. चाचा देगीपाशी घामाने निथळत उभे होते. पहाटेपासून त्या माणसाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि समोर चुलीचा जाळ. त्यांनी पळीने मसाल्याचा रस्सा माझ्या तळहातावर घातला.

"साहेब, दम द्यायच्या आधी मीठ बगा."

मी चाटलं. माझे कान बधिर झाले. मीठ कमी-जास्त असा प्रश्नच नव्हता, मिठात थोडी कोंबडी होती. (नंतर कळलं ते असं : उन्हात कोंबडी टिकावी म्हणून सुलभाने पहाटेच तिला भरपूर मीठ चोळून ठेवलं होतं. चाचांनी आपल्या अंदाजाने पुन्हा घातलं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. असं काही झालं तर कळावं म्हणूनच तर चाखायला माणूस ठेवतात!)

"कसं हाय?" चाचांनी विचारलं.

आता काय सांगू? 'खारट आहे' ही तक्रार नाही का? तासाभरापूर्वी ज्याचं उदाहरण दिलं गेलं, त्याने रश्श्याला नावं ठेवायची? ही माझी परीक्षा आहे, असं मला एकदम वाटलं. सैतान मिठाच्या रूपाने आलाय!

"छान," मी म्हणालो.

"खरं सांगा, साहेब. अजून टाइम हाय. बटाटे टाकतो, साधा भात वाढवतो."

"छानच आहे, चाचा."

"माझा रोजा हाय. मी तुमच्या जिभेवर चाललोय. मीठ बरोबर?"

"धन्यवाद!" मी म्हणालो. "उत्तम!"

तीनदा विचारलं आणि तीनदा मी नाकारलं. बायबलमधल्या पेत्राने येशूला तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला होता. आमचे सगळे कोंबडे देगीत होते.

चाचांनी आकाशाकडे हात केले. "अल्लाचे शुकर! शमुवेलसाहेबांनी खोट काढली न्हाई! उभ्या जन्मात पयल्यांदा!" आणि देगीच्या झाकणाला कडेने कणीक थापून टाकली. एकदा कणीक बसली की देग वाढतानाच उघडायची. मी मनाशी म्हणालो, दम बसल्यावर खारटपणा उतरत असेल. (उतरत नाही.)

दीडला पंगत बसली. निम्मी मंडळी कडुनिंब अधिक मंडप अशा दुहेरी सावलीत, निम्मी सरळ उन्हात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आणि माय उभी राहिली. डाव्या हातात काठी, उजव्या हातात पळी, मागे बिर्याणीचं पातेलं धरून सुलभा. एकेका पानापुढे थांबायची, पहिली पळी वाढायची, "जेवा, पोटभर जेवा," म्हणायची. चेहऱ्यावर असं तेज की पाच महिन्यांची खाट जणू दुसऱ्याच कुणाची होती.

अशा बाईला कोण सांगणार की खारट आहे?

आणि वर सकाळचा तो उपदेश! तंबाखूवाल्या वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतला, त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "धन्यवाद, माय!" ते म्हणाले. शेजारच्या बाईंनी घास घेतला, दोन क्षण श्वास धरला. "धन्यवाद!" मग साथच पसरली. पाळकसाहेबांनी तिसऱ्या घासाला डोळे मिटले. मायला वाटलं प्रार्थना करताहेत, म्हणून तिने त्यांना आणखी दोन पळ्या वाढल्या.

"पाणी!" एका कोपऱ्यातून आवाज आला.

"इकडं बी पाणी!"

"अहो, पाण्याचा जगच ठेवा हितं!"

वर सूर्य, पोटात मीठ. मी बादली घेऊन टाकी ते पंगत, पंगत ते टाकी धावत होतो. पंधरा मिनिटांत बादली टाकीच्या तळाला खरवडली. चाचा कंबरेवर हात ठेवून हा प्रकार बघत होते.

"साहेब, हे काय गौडबंगाल हाय? रोजा माझा, अन् तहान ह्यांना!"

"उन्हाळा आहे, चाचा," मी म्हणालो.

शेवटी माय बसली. नव्वद पानं वाढून झाली होती. सुलभाने तिच्यापुढे ताट ठेवलं. अख्ख्या पंगतीचे हात थांबले. मायने एक घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"शमू."

"काय माय?"

"हे खारट हाय."

मायने आणखी एक घास घेऊन खात्री केली.

"लई खारट हाय. कोन चाखलं?"

आणि मग धरणाचं दार उघडावं तसे नव्वद लोक एकदम बोलले. "हाव, खारट हाय!" "लईच हाय!" "माझी तर जीभ गेली, माय!" कुणाला किती खारट लागलं ते सांगण्यात चढाओढ लागली. पाळकसाहेबांचा आवाज तर मला वेगळा ओळखू आला.

चाचांनी मात्र देगीत बोट बुडवलं, तोंडापाशी नेलं आणि रोजा आठवून खाली घेतलं. स्वतःच्या हातचं खरंच बिघडलंय का, हेही त्यांना कळायचा मार्ग नव्हता. ते माझ्याजवळ आले.

"साहेब, तीन डाव इचारलं मी. तुमची जीभ मी माझी समजलो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी जी शरम वाटली ती मी अजून विसरलो नाही. ज्या माणसाने दिवसभर उपाशी राहून माझ्या आईसाठी चूल फुंकली, त्याची अब्रू मी माझ्या टाळ्यांसाठी घालवली होती.

मी पंगतीत उभा राहिलो. साक्ष द्यायची मला सवय आहे, पण ही जड गेली. "चूक चाचांची नाही. मी चाखलं होतं. खारट आहे हे मला कळलं होतं. कुरकुर करायची नाही म्हणून मी बोललो नाही."

मायच बोलली.

"आरं, देवाला धन्यवाद म्हन. सैपाक्याला मीठ सांग!"

पहिले चाचाच हसले. मग सगळं अंगण. कुंपणापलीकडून तमाशा बघणारे बापूरावही हसले आणि न बोलवता कामाला लागले. त्यांनी आपल्या बोअरचा पाइप कुंपणावरून इकडे टाकला आणि घरात होतं नव्हतं ते सगळं ताक आणवलं, त्यांच्या देवणी गाईच्या दुधाचं. चाचांनी दुसऱ्या पातेल्यात साधा भात चढवला. तो शिजला की बिर्याणीत मिसळायला लागले.

"आता चाखा. अन् या टायमाला खरं!"

"खारट आहे," मी म्हणालो.

"अजून भात टाका. आता?"

"आता मीठ बरोबर आहे. पण कांदा एका बाजूला करपलाय, पुदिना कमी पडलाय, आणि वेलदोडा..."

"बस, बस!" चाचा ओरडले. "जीभ ठिकाणावर आली!"

पण पुन्हा वाढायचं कोण? पाळकसाहेब मायला म्हणाले, "तुम्ही बसा आता, गुडघ्याला ताण होईल." माय काठीवर जोर देऊन उठलीच. "पयल्या डावाला देवासाठी वाढलं," ती म्हणाली, "आता मानसांसाठी वाढते." आणि पुन्हा एकेका पानापुढे थांबत निघाली. 'माझं वाढनं सरलं' म्हणणारी बाई एका दुपारी दोन पंगती वाढत होती. ताकाची बादली हातात घेऊन मी तिच्या मागे चालत होतो. एप्रिलचं ऊन, डोळ्यांना पाणी येतंच.

सूर्य मावळल्यावर चाचांनी आमच्या ओट्यावरच खजूर खाऊन रोजा सोडला. भात मिसळण्याआधीची बिर्याणी सुलभाने मुद्दाम वाटीभर बाजूला ठेवली होती. त्यांनी तिची दोन शितं तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "साहेब, मंडळीतले लोक फार सबरवाले हायेत."

मग आमची रोजची संध्याकाळची घरची प्रार्थना झाली. तीत आधी उपकारस्तुती, मग मागण्या, अशी मायची पद्धत आहे. माय गुडघा चोळत डोळे मिटून बसली. तिने लातूरच्या डॉक्टरसाठी धन्यवाद दिला. चाचांसाठी दिला. बापूरावांच्या गाईसाठी दिला, तिच्या वासरासाठी दिला. सुलभासाठी दिला, पंगतीतल्या माणसांसाठी एकेकाचं नाव घेऊन दिला. टँकरवाल्यासाठीही दिला! मी वाट बघत होतो. दुपारी एवढ्या लोकांसमोर कबुली दिली होती मी, आता आपला नंबर येईल. माय 'आमेन' म्हणणार तेवढ्यात मला राहवलं नाही.

"माय, माझं नाव राहिलं."

मायने एक डोळा उघडला. "राहिलं न्हाई. तुझं नाव मागन्यांत हाय. उपकारस्तुतीत यायला अजून येळ हाय."

यावर तक्रार करावी असं मला फार वाटलं. पण वरचे साहेब मायच्या जुन्या ओळखीचे आहेत.